करीममामांचा सोमवार

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला तीन प्रशस्तिपत्रकं मिळाली. तिन्हींवर माझं नाव सुरेख अक्षरात लिहिलेलं आहे, आणि तिन्ही वेळा ते चुकलेलं आहे. तिथं करीम मणेर हे नाव हवं होतं. मी हे तेव्हाही बोलले होते, पण समारंभात नर्सचं कोण ऐकतं? हार घातला, टाळ्या वाजवल्या, चहा दिला, मोकळे झाले. आता मी निवृत्त आहे. मला गप्प बसवायला वरिष्ठ कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगून टाकते.

करीममामा बांगड्या भरायचे. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. दुपारपर्यंत दुकानात आणि दुपारनंतर खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गल्ल्यांतून, असा त्यांचा दिवस. वडील हेच करायचे, आजोबाही हेच. हुपरीच्या चांदीवाल्यांच्या घरी लग्न निघालं तरी चुडा भरायला बोलावणं यायचं ते यांनाच. अंगानं काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, आणि आवाज असा की बाहेरगावच्या माणसाला वाटावं, भांडण जुंपलंय. खरं तर ते कुणाला तरी चहा घ्यायचा आग्रह करत असायचे.

या माणसाला चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. एकदा मंडईत एक बाई हसून त्यांच्याशी बोलायला लागल्या. मामा नुसते बघत उभे. बाईंनी पिशवी सावरायला हात वर केला, आणि मामा एकदम म्हणाले, "अगं, सव्वादोन! गंगावेशीतली न्हवं तू?" सव्वादोन हे बांगडीचं माप. नवऱ्याला बायकोच्या बांगडीचं माप उभ्या जन्मात सांगता येत नाही, आणि मामांना अख्ख्या पेठेची मापं तोंडपाठ. बांगड्या भरून झाल्या की एक बांगडी ते आशीर्वादाची म्हणून जास्तीची घालायचे, आणि भरून घेणारी, मग ती कुठल्याही घरची असो, वाकून त्यांना नमस्कार करायची. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. मणेरानं हात भरला की त्याला नमस्कार करायचा, ही पेठेची रीत होती.

मी त्यांना ओळखत होते ते एवढंच. खरी ओळख झाली १९७३ साली, आणि तीही माझ्या मूर्खपणामुळं.

मी तेव्हा एका धर्मादाय दवाखान्यात डॉ. यज्ञेश्वर हसबनीसांच्या हाताखाली नर्स होते. डॉक्टर मुंबईत शिकून आलेले, मितभाषी, हट्टी. त्यांच्याकडं दर आठवड्याला कुणी तरी अर्धं अंग लुळं पडलेलं यायचं. चाळिशीतली, पंचेचाळिशीतली धडधाकट माणसं. काल शेण थापणारी बाई आज तोंड वाकडं झालेली. लोक म्हणायचे, वारं गेलं, नशीब. डॉक्टर म्हणायचे, नशीब कसलं, रक्ताचा दाब वाढलेला होता आणि कुणी मोजला नाही. न दुखणारा आजार तो. दुखला असता तर ही माणसं वेळेवर आली असती. तर आता आपणच जाऊन मोजायचं, असं त्यांनी ठरवलं. एक अख्खी पेठ घ्यायची, तिशीवरचं प्रत्येक माणूस तपासायचं, ज्याचा दाब जास्त त्याला गोळी चालू करायची आणि पुढं कित्येक वर्षं त्याचा पाठपुरावा करायचा. त्या काळी आमच्याकडं असलं कुणी ऐकलंही नव्हतं.

जागा दिली पेठेतल्या तालमीनं. तालमीची मंडळी फार उत्साही. बाकडी मांडली, फलक रंगवला, पहिल्या दिवशी नारळ फोडला. पुरुषांची ही रांग लागली. आणि पैलवानच ते, त्यांना प्रत्येक गोष्टीत पहिला नंबर हवा. "माजं एकशेसाठ! तुजं किती?" "एकशेतीस." "हॅट् लेका, एवढंच?" ज्याचा दाब जास्त तो मिशीला पीळ देत बाहेर पडायचा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. शेवटी आम्हाला दारातच उभं राहून सांगावं लागलं की बाबांनो, यात कमी आकड्याचा गडी जिंकतो.

बाई मात्र आठ दिवसांत एकही आली नाही. मी फणफणले. अडाणी आहेत, स्वतःच्या जिवाची पर्वा नाही, असं काय काय बोलले. मग रस्त्यात एका म्हातारीनं मला थांबवलं आणि विचारलं, "बाई, तालमीत कवा बायका जात्यात व्हय?" आत लंगोट लावलेले गडी, हौद्यात लाल माती, कोपऱ्यात मारुती. तिथं उंबऱ्याच्या आत बाई पाऊल टाकत नाही, हे कोल्हापुरातल्या लहान पोरीलाही माहीत असतं. डॉक्टर मुंबईला राहून विसरले असतील, मी तर जन्मानं कोल्हापूरची! मला ते आठ दिवस सुचू नये?

मग मी पाऱ्याचं यंत्र पिशवीत घालून घरोघर निघाले. माझा स्वभाव घाईचा. हात धर, पट्टा आवळ, आकडा लिही, पुढचं दार. चौथ्या दिवशी मी बाळाबाईच्या घरी गेले.

बाळाबाई छत्तीस वर्षांची. नवरा आण्णा शाहूपुरीच्या गूळबाजारात हमाल, सासू धोंडुबाई, सासरे, दोन मुलगे आणि शालन नावाची धाकटी पोर. बाळाबाई मिरच्या निवडत बसली होती. तिच्या चोळीची बाही दंडाला घट्ट. ती वर सरकेना, आणि ती हात आखडून घ्यायला लागली. मी वैतागून तिचा हात ओढला. तो यंत्राच्या पेटीवर आपटला आणि हातातली एक बांगडी फुटली. काचेनं जरासं रक्तही आलं. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "काचेची तर आहे, दुसरी भरा." आणि दाब मोजला. पारा दोनशेवीसवर. खालचा आकडा एकशेतीस. माझ्या सबंध नोकरीत मी इतका मोठा आकडा फार थोड्या वेळा पाहिला. मी तिला सांगायला लागले, पण ती ऐकतच नव्हती. ती आपल्या हाताकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीवरून खाली पडला आणि त्याचा पाय मोडला.

झालं. नर्सबाईनं सवाष्णीची बांगडी फोडली आणि चोवीस तासांत नवरा पडला, ही बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या पेठेत गेली. मी बोळात शिरले की दारं लागायला लागली. धोंडुबाई तर दारातच उभी होती. "बाई, तुमचं ते मशीन घिऊन हितनं जावा. एकाचा पाय गेला तेवढा बास झाला आमास्नी."

मी दवाखान्यात येऊन रडले. डॉक्टरांनी बाळाबाईचा कागद मागवला. त्यावर एक रकाना होता, आई-वडील कशानं गेले. मीच घाईघाईत लिहिलेलं होतं : आई, वारं जाऊन, वय अडतीस. डॉक्टरांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मग म्हणाले, "हिची आई अडतिसाव्या वर्षी गेली आणि ही आता छत्तीस वर्षांची आहे. आकडा हा असा. प्रमोदिनीबाई, बाकीची पेठ राहू दे. ही बाई हातची जाता कामा नये." ते मला एक शब्दही रागानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मला दुसरं काही सुचेना म्हणून मी करीममामांच्या दुकानात गेले. डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन त्या कुणाबरोबर तरी बाळाबाईला पाठवाव्यात, असा माझा विचार. मामांना पेठेतलं सगळं कळलेलं होतंच. बांगड्या द्यायच्या ऐवजी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हात द्या."

मी हात पुढं केला.

"बगा, लाकडावानी ताठ हाय. आता ह्यात बांगडी घातली तर फुटंल न्हाईतर काय हुईल?" त्यांनी माझा अंगठा हळूच आत मुडपला, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबला, आणि एकीकडं मोठ्यानं विचारत राहिले की आई कशी आहे, भाऊ कुठं नोकरीला आहे, घरात पाण्याचा नळ आला का. मी उत्तरं देत होते. केव्हा तरी माझा हात सैल पडला आणि बांगडी आत गेलेली मला कळलीही नाही.

"बाई, तुमास्नी औषधपाणी येतंय, पर हात धराय येत न्हाई," मामा म्हणाले. "परक्या माणसानं हात धरला की बाईमाणूस दचकतंयच. मी रोज पन्नास हात धरतो. दचकल्याला हात मी कवाच भरत न्हाई, बसून ऱ्हातो. आनि एक सांगा, माणूस भ्यालं तर तुमचा त्यो पारा खरं बोलतोय व्हय?"

डॉक्टरांनी मला हे शंभर वेळा सांगितलं होतं. पेशंटला आधी स्वस्थ बसवा, घाबरलेल्या माणसाचा दाब चढा येतो. मी मान हलवायची आणि घाईनं पट्टा आवळायची. पुस्तकातली गोष्ट मला बांगड्यांच्या दुकानात समजली.

"उद्या माझ्यासंगं या. मशीन पिशवीतच ठेवा. मी म्हणंन तवा काढायचं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाबाईच्या घरी गेलो. मामांना कोण अडवणार? मी त्यांच्या मागं लपून आत शिरले. आण्णा खाटेवर पडून होता, पायाला प्लास्टर. बाळाबाईनं ठरवलं होतं म्हणे, नवरा पायावर उभा राहीपर्यंत नवी बांगडी घालायची नाही. मामा ऐन सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीतच, मांडी घालून बसले आणि माळा सोडता सोडता ओरडले, "बाळा, माझ्या हातात रोज धा बांगड्या वाढत्यात. बांगडीमागं एकेक पाय म्हटला तर ह्या पेठंत एकबी गडी उभा ऱ्हायला नसता! तुझा दादला बांगडीनं न्हाई पडला, पायतानानं पडला. करकरीत नवं पायतान घालून थप्पीवर चढतंय का कोन?"

खाटेवरून आण्णा म्हणाला, "खरं हाय मामा. नवंच हुतं. तळ लई गुळगुळीत."

आधी शालन हसली, मग बाळाबाई. धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. बाळाबाईनं हात पुढं केला. मामांनी अंगठा मुडपला, तिच्या माहेरच्या जुन्या गोष्टी काढल्या, एकेक बांगडी चढवली. डाव्या हातात एक जास्त. आशीर्वादाची वेगळी. हात भरून झाल्यावर तो तसाच धरून ठेवत त्यांनी मला डोळ्यानं खूण केली. मी पट्टा बांधला. हात आखडलेला नव्हता, म्हणून बाही या खेपेला वर गेली. पारा दोनशेचारवर. पहिल्यापेक्षा कमी, तरीही भयंकर.

"किती पायजे?" मामांनी विचारलं.

"एकशेसाठच्या आत तरी हवा."

मामांचा चेहरा उतरला. "मग बाळा, बाई देतील ती गोळी खायाची. मला शबूद दे." आणि बाळाबाईनं शब्द दिला.

मी ही हकिगत डॉक्टरांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत, खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी रीतसर पाहणी केली. चाळीस बायका घेतल्या, प्रत्येकीचा दाब आल्या आल्या एकदा आणि बांगड्या भरल्यावर एकदा. दुसरा आकडा बहुतेकींचा कमी. कित्येकींना तर औषधाची गरजच नव्हती, त्या फक्त मला भ्यालेल्या होत्या. डॉक्टरांनी नियम केला, मामा हात सैल झाला म्हणतील तेव्हाच पट्टा बांधायचा. शिकलेल्या माणसानं एका मणेराकडून नियम घ्यायचा, याला मन मोठं लागतं. डॉक्टरांचं होतं.

सोमवारी आमच्याकडं बाजारपेठ बंद. मामांनी महिन्यातला पहिला सोमवार आम्हाला दिला. त्यांच्या दुकानात आमचा दवाखाना. तालमीच्या पैलवानांनी बाकडी उचलून तिकडं नेली, पडदा बांधला आणि बोळाच्या तोंडाशी पहारा दिला, की आत गडीमाणूस फिरकायचा नाही. मामांच्या पत्नी, फातिमामामी, रांग सांभाळायच्या. मामांचा आवाज मोठा म्हणून मी मघाशी सांगितलं, पण मामींच्यापुढं तो काहीच नव्हे. "मीठ किती खातीस गं? वरनं घेतीस न्हवं? मला ठावं हाय तुझ्या सासूचं लोणचं!" असं त्या बोळभर ऐकू जाईल असं विचारायच्या, आणि खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे. मिठावर मी दिलेली भाषणं वाया गेली. मामींच्या तोंडानं निम्म्या पेठेचं मीठ उतरवलं.

बाळाबाईनं एकही सोमवार चुकवला नाही. गोळ्यांचं रिकामं पाकीट आठवणीनं घेऊन यायची. पण दाब हलेना. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. दोनशे, एकशेअठ्ठ्याण्णव, पुन्हा दोनशे. डॉक्टर चक्रावले. मी तिला दहा वेळा विचारलं, गोळी घेतेस ना? ती मान हलवायची. मला वाटलं, आजारच हट्टी आहे. शेवटी डॉक्टरांनी गोळी दुप्पट करायची ठरवली. येत्या सोमवारी नवीन पाकिटं द्यायची होती, आणि मी मामांनाही तसं सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी मी दवाखान्यात सुया उकळत होते. दारातून मामा आत आले. खांद्यावर माळा तशाच, पायात चप्पल नाही, धाप लागलेली.

"डॉक्टर, गोळी वाढवू नगासा. गोळी म्हातारी खातीया."

ते धोंडुबाईच्या बांगड्या भरायला गेले होते. तिचा हात धरला मात्र, मामा काही दाबायच्या आत तो ढिला पडला. गार, घामानं ओला. धोंडुबाईचे डोळे फिरायला लागले. मामांनी तिला तिथंच आडवी निजवली, पाणी पाजलं आणि विचारलं, काय खाल्लंस? तर ती म्हणाली, काय न्हाई बा, सून देती ती ताकदीची गोळी तेवढी.

त्या घरात सासू-सासरे जेवल्याशिवाय सून जेवत नसे. नवं फळ आलं, गोड झालं, दूध तापलं, की पहिला वाटा सासूचा. डॉक्टरांची चांगली गोळी घरात आली आणि बाळाबाईला ती आपल्या तोंडात घालवेना. तिनं पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोळी सासूला दिली, तीही पुण्य समजून. सासूचा दाब चांगला होता. तो रोज खाली खाली चालला होता. आम्ही सोमवारी गोळी दुप्पट केली असती, तर म्हातारी एके दिवशी न्हाणीत उठता उठता पडली असती, आणि सुनेचा दाब होता तिथंच राहिला असता. डॉक्टर लगेच धोंडुबाईकडं धावले.

मी सुया तशाच टाकून मामांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी भांडं तोंडाला न लावताच खाली ठेवलं. मी म्हणाले, "मामा, म्हातारी बरी होईल, घाबरू नका."

ते म्हणाले, "मी म्हातारीसाठी न्हाई भ्यालो, बाई." आणि मग त्यांनी ते सांगितलं. बाळाबाईच्या माहेरीही मामाच बांगड्या भरायचे. वीस-एकवीस वर्षांपूर्वी ते तिच्या आईचा हात भरत होते. उजव्या हातात तीन बांगड्या गेल्या. आई डोकं दुखतंय म्हणत होती. चौथ्या बांगडीला हात एकदम सैल पडला. "मला वाटलं, ब्येस झालं, हात सैल पडला. मी आनि दोन बांगड्या घातल्या, बाई. आनि वर बगितलं तर तोंड वाकडं झाल्यालं. मला कळलंच न्हाई की. हात माझ्या हातात हुता, आनि मला कळलं न्हाई."

पेठेतला एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि हे सगळं हळू आवाजात सांगितलं. मला त्या क्षणी कळलं की हा माणूस चार महिने आमच्यामागं का पळत होता.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे बाळाबाईच्या घरी होतो. धोंडुबाई उठून बसली होती. बाळाबाई भिंतीला टेकून रडत होती. "म्हागाची गोळी. आत्याबाईंस्नी सोडून मी कशी खाऊ?" माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, सगळी तिखट. मामांनी हात वर करून मला थांबवलं आणि ते धोंडुबाईकडं वळले.

"आक्का, सुनंनं तुमास्नी इतकं दिलं. आता तुमी तिला द्या. रोज सकाळी तुमच्या हातानं गोळी तिच्या हातावर ठेवायची. सासूनं दिल्यालं सून टाकंल का?"

धोंडुबाईनं सुनेकडं बघितलं. मग म्हणाली, "न्हाई टाकायची. टाकून कुटं जातीया?"

इतकी सोपी गोष्ट. पण ती मला सुचली नाही, आणि डॉक्टरांनाही नाही. धोंडुबाईनं दुसऱ्या दिवसापासून देवाला नैवेद्य दाखवून झाला की गोळी सुनेच्या हातावर ठेवायला सुरुवात केली आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पहिल्या महिन्यात पारा एकशेशहात्तरवर आला. दिवाळीत एकशेचोपन्न. तो आकडा मी मोठ्यानं वाचला तेव्हा दुकानातल्या सगळ्या बायकांनी कलकलाट केला, आणि फातिमामामींनी बाळाबाईच्या तोंडात साखर घातली. मीठ नाही, एवढं बघितलं.

मग आम्ही इतर घरांत चौकशी केली. एकेचाळीस बायकांना गोळ्या चालू होत्या. त्यांतल्या सात घरांत हाच प्रकार! कुठं सासूला, कुठं सासऱ्याला, एका ठिकाणी माहेरून आलेल्या थोरल्या बहिणीला. त्या सातही घरांत मामा आणि मी गेलो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हाती गोळ्या सोपवल्या. पुढं वारणानगरहून कारखान्याच्या वसाहतीतले डॉक्टर आमचं काम बघायला आले, वहीत लिहून घेऊन गेले, तिकडंही त्यांनी कुणा कासाराला धरलं म्हणतात. हसबनीस डॉक्टरांनी परिषदेत निबंध वाचला. मामांना मंचावर बोलावलं होतं. ते म्हणाले, "सोमवार हाय. दुकानात बायका येतील," आणि गेले नाहीत. ते पहिलं प्रशस्तिपत्रक मग माझ्या गळ्यात पडलं.

सोमवार मात्र चालत राहिला. आठ वर्षं. त्या आठ वर्षांत त्या पेठेत वारं जाऊन कुणी गेलंच नाही, असं मी म्हणणार नाही. तीन बाया गेल्या, एक पैलवान गेला, त्यांची नावं मला पाठ आहेत. पण जी गेली नाहीत त्यांची नावं कोण पाठ करणार? ती भाजी निवडत होती, भांडत होती, नातवंडांना रागवत होती. माझ्या मामांनी राखलेली माणसं ती. रस्त्यानं जाताना अशी एखादी दिसली की मी मनातल्या मनात मामांना हात जोडत असे. अजून जोडते.

एक्क्याऐंशी साली शालनचं लग्न निघालं. चुडा भरायचा दिवस. अंगणात मांडव, बायकांची ही गर्दी, आण्णा त्या पायानं लंगडत पण हौसेनं सगळीकडं फिरत होता. मला आग्रहाचं बोलावणं होतं आणि मी नवरीच्या अगदी जवळ बसले होते. मामा आता साठीच्या पुढं गेले होते. डोळ्यांना कमी दिसायचं, पण हातांना दिसायला काही लागत नव्हतं. त्यांनी माळा सोडल्या. शालननं हात पुढं केला. तो बाजूला सारून मामा म्हणाले, "आधी आईचा हात." ही त्यांची पद्धत. चुड्याला पहिल्या दोन बांगड्या नवरीच्या आईला भरायच्या आणि मग नवरीला.

बाळाबाई धान्याचं सूप खाली ठेवून पुढं आली, पण बसली नाही. उभीच राहिली. ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती, अंगानं भरलेली, केसांत थोडं पांढरं.

"मामा," ती म्हणाली, "माझा चुडा तुमीच भरलासा. तवाबी तुमी हेच म्हणालासा."

मामांनी मान खाली घातली. "व्हय बाळा. सवयीनं बोलून गेलतो. तुझी आई जाऊन सहाच महिनं झालतं. कुनीच हात फुडं केला न्हाई. मला त्यो दीस अजून दिसतोय."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी पुसलंही नाही. शालन आईकडं बघत होती. ती बिचारी काहीच जाणत नव्हती. आई आपल्या लग्नात आहे, यात विशेष ते काय, असाच तिचा चेहरा होता.

बाळाबाई मामांच्या समोर पाटावर बसली, पदर सावरला आणि हात त्यांच्या हातात दिला.

"आज हाय की, मामा," ती म्हणाली. "भरा."